डाग

पंपाचा दांडा हलका. चार दाब, काटा चाळीसवर.
आणखी सहा, ऐंशीवर.
शंभरी गाठायच्या आत
तिसऱ्या नळीच्या गळ्याशी
एक थेंब आला, थांबला,
आणि विचार केल्यासारखा खाली उतरला.

"घाम असेल," लव्हडे म्हणाली.
कॅम्बोर्नच्या फेब्रुवारीत तांब्याला घाम!
मी टिपकागद लावला. पुन्हा दाब दिला.
पुन्हा तोच, त्याच जागी,
पाहुण्यासारखा नाही, घरच्यासारखा.

बॉयलर बाबांचा. हातभर लांब, अकरा नळ्या,
एक अख्खा हिवाळा नुसता पत्रा वळवण्यात गेलेला.
खाणयंत्रांच्या कारखान्यातून छत्तीस वर्षांनी
त्यांनी घरी आणलं ते एकच पथ्य:
बॉयलरला शिशाचा डाग द्यायचा नाही.
शिसं बसलं तिथं चांदी जन्मात धरत नाही.
हे ते जेवताना सांगायचे,
दफनावरून परतताना सांगायचे,
लव्हडेच्या लग्नात तिच्या नवऱ्याला
बाजूला घेऊन सांगितलं होतं.

काजळी खरवडली.
खाली तांबं लाल निघायला हवं होतं.
निघालं करडं. नखानं ओरखडा उठेल इतकं मऊ.
लव्हडेनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.
शिसंच.

खरं सांगतो, आधी मला आनंद झाला.
माझ्या प्रत्येक जोडावर चाळीस वर्षं
भिंग धरणारा माणूस
सापडला होता.

मग ती कड नीट पाहिली.
ठिपका, ओघळ, पुन्हा ठिपका,
हात टेकायला जागा शोधत गेलेला हात.
साध्या सोल्डरगनचं काम. एकट्याचं.

तांबं उष्णता गिळतं.
एका सांध्यात चांदी उतरायची
तर सगळा बॉयलर तापावा लागतो.
त्याला दोन टॉर्च लागतात, म्हणजे दोन माणसं:
एकानं मागून अंग गरम ठेवायचं,
दुसऱ्यानं पुढून सांधा धरायचा.
मागचा टॉर्च लहानपणापासून माझा.

त्या नोव्हेंबरात फोन आला होता.
"शनिवारी मोकळा आहेस का?
तसं काही खास नाही."
मी प्लिमथला. दीड तासावर.
म्हणालो, बघतो.

शिसं काढायला तीन संध्याकाळी लागल्या.
कानस, व्हिनेगर, पुन्हा कानस.
कणभर राहिलं तरी आगीत तांब्याला खातं.
विणायच्या सुईला पोलादी काथ्या गुंडाळून
लव्हडे नळीच्या कडा घासत बसली,
मधेच म्हणाली,
"मला तर फोनही नव्हता केला."
मी काही बोललो नाही.

मग आम्लाचं पाणी, मग स्वच्छ पाणी,
मग टाकणखार, सायीइतका दाट.
टॉर्च पेटवले. मागचा तिनं घेतला.
टाकणखार फुगला, बसला, काच होऊन पसरला.
तांबं जांभळं, काळं, मग
दिव्यापुढं धरलेल्या बोटांसारखं आतून लाल.
चांदीची काडी टेकवली. नाही.
टेकवली. नाही.
"मागं! आणखी मागं!" मी ओरडलो,
आवाज त्यांचा निघाला,
आणि चांदी धावली,
एका दमात, नळीला वळसा घालून,
आग जिथं जास्त तिथं,
माझ्याकडून तिच्याकडं.

काल दाब दिला. शंभर.
एकशेवीस. तिसरी नळी कोरडी ठणठणीत.
एकशेचाळीसला
सातव्या नळीपाशी, जिथं आजवर काहीच नव्हतं,
एक थेंब आला.
थांबला.

लव्हडे कोटाची बटणं लावत होती.
"शनिवारी मोकळी आहेस का?" मी विचारलं.
तसं काही खास नाही,
हे जिभेवर आलं होतं.
ते गिळलं. म्हणालो,
"गळतंय."